नागपूरकर भोसल्यांची समुद्रापार वसाहत अन् तिचा झालेला देश : पटते का?

महालवाला : एक काल्पनिक इतिहास लिहून राहिलो. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्याकडून ओडिशा भोसल्यांना मिळाला, बंगालच्या चौथाईचे वर्षाला 12 लाख ठरले, बालासोर बंदर हाती आलं, इथपर्यंत खरं. पुढं माझं : तिथून निकोबारात माणसं बसवली, 1803 च्या इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहात कटक गेलं पण बेटांचं नावच नाही, 1854 ला डलहौसीने नागपूर खालसा केलं तरी बेटं सुटली, मग त्यांचाच देश, राजभाषा मराठी. मले तर जमलं वाटते.

इतिहासाचा_किडा : भाऊ, जहाजं कुठची? आरमार आंग्र्यांचं, ते कोकणात. भोसल्यांची सारी भिस्त घोड्यावर. त्यात बालासोरला नदीच्या मुखाशी गाळ, मोठी जहाजं बाहेर समुद्रातच नांगर टाकून उभी, कलकत्त्याला जाणारे तिथूनच वाटाड्या घ्यायचे. अशा बंदरातून म्हणे वसाहत!

महालवाला : बालासोरात डेन्मार्कची वखार होती नं. जहाज भाड्यानं घेतलं समजा.

बर्डीचा_पोट्टा : मग डेन्मार्कवाल्यांनाच विचार नं बे. त्यांनी 1756 मध्ये निकोबारात वसाहत टाकली, माणसं तापानं मेली, सोडली, पुन्हा गेले, पुन्हा तेच, शेवटी 1868 ला इंग्रजांना विकून मोकळे. इंग्रजांनी तरी काय दिवे लावले, 1789 ला अंदमानात ठाणं टाकलं अन् 1796 ला गुंडाळलं. आपल्या शिपायांना काय ताप येत नव्हता?

धरमपेठची : माझं भांडण तापाशी नाही. निकोबारी लोक कुठं गेले तुमच्या गोष्टीत? लायबेरिया बघा, अमेरिकेतून आलेल्या काळ्या लोकांनी 1847 ला देश जाहीर केला, पण तिथल्या मूळ लोकांना नागरिक म्हणायला 1904 उजाडलं. अन् मराठीच हवी तर मॉरिशस घ्या नं, डच आले तेव्हा तिथं वस्तीच नव्हती. आधी गुलाम, मग 1834 पासून करारावरचे मजूर उसाच्या मळ्यात, त्यात आपली कोकणातली माणसंही होती, मराठी घरं आजही आहेत तिथं. 12 मार्च 1968 ला देश झाला. राजानं नाही, मजुरांच्या नातवंडांनी चालवायला घेतला.

महालवाला : ताई, मग भोसले कुठं बसवू? मजूरच घेतले तर नागपूरकर वाचतील का? निकोबारी पात्रं टाकतो, पण राजभाषा मराठीच.

धरमपेठची : म्हणजे पात्रं त्यांची अन् सरकार तुमचं. बाप्पा!

ऑरेंज_सिटी : कायले इतका हिशोब, कथाच आहे नं. लिहू द्या की त्याले.

बर्डीचा_पोट्टा : कथा आहे म्हणूनच हिशोब लागते, खऱ्या इतिहासाले कोणी पटवत नाही बसत. देश 1868 नंतरचा धर, भारतात सिंकोनाच्या झाडाची लागवडच 1860 नंतर सुरू झाली, तेव्हा कुठं त्याच्या सालीतलं तापाचं औषध, कोयनेल, हाताशी आलं. पण तोवर इकडं नागपूर खालसा होऊन 14 वर्षं झालेली, मग माणसं पाठवणार कोण, डलहौसी?