शरीर, मन आणि अंतरंग: तिन्हींची दिनचर्या दुसऱ्या आठवड्यातच का कोलमडते?

प्रश्न: सम_चाल

नमस्कार मंडळी. एका गटासाठी आठ आठवड्यांची दिनचर्या आखायची आहे. वय ३० ते ६०, सगळे नोकरी-घर सांभाळणारे. पहिला आराखडा असा होता: पहाटे ५ ला उठणे, २० मिनिटे श्वसन, ३० मिनिटे व्यायाम, २० मिनिटे ध्यान, रात्री १० मिनिटे डायरी. एकूण ८० मिनिटे. दुसऱ्या आठवड्यात निम्मी मंडळी गळतात आणि तक्रारी ठरलेल्या असतात. दुपारी पेंग येते. श्वसन करताना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ध्यानात एकतर डुलकी लागते नाहीतर विचारांचा गलका होतो. डायरी लिहून मन हलकं व्हायच्या ऐवजी जड होतं.

शिवाय 'अंतरंगा'च्या, म्हणजे आध्यात्मिक भागाला हात कसा घालावा? गटात श्रद्धाळू आहेत, तसे न मानणारेही आहेत. नेमकं काय बदलावं ते सांगा. 'सकारात्मक राहा' छापाचे सल्ले पुरेसे झाले आहेत.

---

प्रतिसाद: निजानीज

मूळ गडबड 'पहाटे ५' इथेच आहे. उठण्याची वेळ अलीकडे ओढली आणि झोपण्याची रात्री साडेअकराचीच राहिली, तर हाती साडेपाच तास उरतात. बहुतेक प्रौढांना किमान ७ तास लागतात. ही तूट रोज साठत जाते आणि दुसऱ्या आठवड्यात अंगावर येते. दुपारची पेंग आणि ध्यानातली डुलकी या दोन तक्रारी बऱ्याचदा एकच असतात. शरीर स्थिर केलं, डोळे मिटले की राहिलेली झोप आपली वसुली करते.

त्यामुळे पहिले दोन आठवडे फक्त उठण्याची वेळ सांभाळा. प्रत्येकाने स्वतःची एकच वेळ ठरवावी, मग ती सातची का असेना. सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. वेळ अलीकडे आणायचीच असेल तर दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटांनी आणावी. झोपायची वेळ हुकमाने ठरत नाही. उठण्याची ठरली की ती आपोआप मागून येते.

उठल्यावर तासाभरात १५-२० मिनिटे बाहेरच्या उजेडात जायचं. खिडकीजवळ बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. घरातल्या दिव्यांचा उजेड सहसा ५०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आत असतो, बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स मिळतात. शरीराचं घड्याळ या फरकावर लागतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, नुसतं चालायचं.

कॅफीन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात, कुणाला जास्तही. दुपारी ४ च्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री ९ ला अंगात असतं. दुपारी १-२ नंतर बंद करून दोन आठवडे फरक बघा.

अंथरुणात वीसेक मिनिटे झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजानेच) तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं आणि डोळे जड झाल्यावरच परत यावं. जागं लोळत राहिलं की अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, अशी मेंदूची गाठ बसते. दुपारी फारच पेंगुळलं तर ३ च्या आधी २० मिनिटे पडावं. अर्ध्या तासापुढे गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं बधिर होतं.

एक बाब सोडू नका. कुणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकतोय असं घरचे सांगत असतील आणि पुरेसे तास झोपूनही दिवसभर ग्लानी असेल, तर तिथे दिनचर्या कामाची नाही. झोपेची तपासणीच हवी.

---

प्रतिसाद: संथश्वास

चक्कर आणि मुंग्या यांचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की लोक मोठा श्वास घेतात. छाती फुगवून, खांदे वर करून, आवाज करत. जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं गरगरतं. ओठ आणि बोटं झिणझिणतात तीही त्यामुळेच. प्राणवायू कमी पडला असं समजून माणूस आणखी जोरात ओढतो आणि त्रास वाढतो.

श्वास लांबवायचा, वाढवायचा नाही. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

कृती अशी: पाठ टेकवून खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर. एक हात बेंबीवर, एक छातीवर. नाकाने ४ आकड्यांत आत, ६ आकड्यांत बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. खालचा हात बोटभर हलावा, वरचा जवळजवळ स्थिर राहावा. नाकाखाली बोट आडवं धरलं तर हवेचा स्पर्श जेमतेम कळावा. फुंकर जाणवली तर श्वास मोठा झालाय. बाहेर सोडताना पोट आवळून हवा ढकलू नका, ती आपल्या भाराने जाऊ द्या.

४-६ ला घुसमट होत असेल तर ३ आत, ४ बाहेर अशी सुरुवात करा आणि आठवड्याला एकेक आकडा वाढवा. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे पुरेत. २० मिनिटांचा हट्ट धरला की लक्ष सुटतं आणि श्वास पुन्हा मोठा होतो.

उच्छ्वास लांब का, हे सांगण्यापेक्षा दाखवा. मनगटावर नाडी धरून संथ श्वास घ्यायला सांगा. आत घेताना ठोके किंचित लगबगीने पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो, वयानुसार कमी होतो. तो बोटाखाली लागला की कुणाला पटवत बसावं लागत नाही.

श्वास रोखणं आणि झपाट्याचे श्वसनप्रकार नवख्यांच्या गटात नकोतच. गर्भारपण, उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार किंवा घबराटीचे झटके असतील तर मुळीच नकोत. पाण्यात किंवा गाडी चालवताना कोणताही श्वसनप्रयोग करायचा नाही.

---

प्रतिसाद: दहा_पावलं

व्यायामाचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. सलग १० मिनिटे झाली तरच धरायची, ही जुनी अट त्यात काढली आहे. जिना चढलात तर तोही मोजा.

मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर हात ठेवून दंड, टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बाराही सहज झाल्या तर प्रकार अवघड करा, उदाहरणार्थ भिंतीऐवजी टेबलाची कड. स्नायू एक-दोन दिवस ठणकले तर चालतं, सांध्यात टोचलं तर थांबायचं. छातीत दाब, भोवळ किंवा विचित्र धाप लागली तर लगेच डॉक्टर.

---

सम_चाल:

हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. ध्यान, डायरी आणि अंतरंगाबद्दल कुणी सांगेल का? आणि '२१ दिवसांत सवय लागते' असं गटाला सांगितलं आहे, ते बरोबर ना?

---

प्रतिसाद: मौनरेखा

२१ दिवस सांगू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा पसारा निघाला. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणसाला आपल्यातच खोट आहे असं वाटतं आणि तो सोडून देतो. यात माणसाचा नाही, आकड्याचा दोष आहे. तुमचे आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, हेही ध्यानात ठेवा.

ध्यान: गोंगाट ही बिघाडाची खूण नाही. मन भरकटलं, ते लक्षात आलं, परत आणलं, असा एक फेरा म्हणजे ध्यानाचं एक आवर्तन. दहा मिनिटांत तीस वेळा परत आणलं तर तीस आवर्तनं झाली. सूचना देताना 'मन रिकामं करा' हे शब्द टाळा. उच्छ्वासावर १ ते १० मोजायचं. आकडा चुकला, किंवा १४ वर पोचल्याचं कळलं, की पुन्हा १ पासून. चिडचिड न करता १ वर येणं हाच सराव. डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे, नजर दोन हात पुढे जमिनीवर, पाठ न टेकता. तरीही आली तर उभं राहून करा. पाय बधिर होईतो मांडी घालायची गरज नाही, खुर्ची उत्तम.

काहींना डोळे मिटल्यावर जुने आघात वर येतात. त्यांना 'धीर धरा, जाईल' म्हणू नये. डोळे उघडायला सांगा, तळपायाखालची जमीन जाणवू द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. पुन:पुन्हा होत असेल तर समुपदेशकाकडे.

डायरी: रोज रात्री मनातलं ओतणं म्हणजे तेच ते उगाळणं होतं, आणि तेही झोपेच्या तोंडावर. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात लेखन रोज १५ मिनिटे, सलग फक्त चार दिवस होतं. त्या मापातच करा, संध्याकाळी लवकर. काय घडलं, तेव्हा काय वाटलं आणि आज त्याकडे बघताना काय दिसतं, हे तिन्ही यायला हवं. नुसतं 'काय वाटलं' लिहिलं तर गुंता वाढतो. लिहिल्यानंतर थोडा वेळ उदास वाटणं अपेक्षित आहे, हे आधीच सांगून ठेवा. रात्रीसाठी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी करा, अगदी बारीकसारीक. डोक्यात घोळणारं कागदावर उतरतं.

अंतरंग: इथे सगळ्यांना एकच साधन देऊ नका. आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी जोडलेलं असणं, हा गाभा धरला तर श्रद्धाळू माणूस प्रार्थना करेल, दुसरा झाडाखाली शांत बसेल, तिसरा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ठरवायचं ते इतकंच: आठवड्यातून एकदा, अर्धा तास, फोन बंद, आणि त्या वेळेतून काही 'मिळवायचं' नाही. गटातल्या गटात जोड्याही लावा. आठवड्यातून एकदा २० मिनिटांचं बोलणं, त्यात एकाने फक्त ऐकायचं, मधे सल्ला नाही. नात्यांना मी व्यायामाइतकंच वजन देईन. हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ पासून चालू असलेला, माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेणारा दीर्घ अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतो.

आणि 'आज किती आनंदी, १ ते १०' असा रोजचा तक्ता असेल तर काढून टाका. आनंद सारखा तपासत बसलं की कमीच भरतो. केलं की नाही केलं, एवढीच खूण पुरे.

---

सम_चाल:

तक्ता होता, काढतो. शेवटचं: चार-पाच दिवस खंड पडला तर कुठून सुरू करायचं?

---

प्रतिसाद: निजानीज

जिथे सुटलं तिथून नाही, निम्म्यावरून. श्वसन १० मिनिटांवर पोचलं असेल तर ५ पासून, तीन दिवस. बुडलेलं भरून काढायला दुप्पट करायचं नाही. एखाद-दुसरा दिवस हुकला तर काहीच बदलू नका, त्याने सवय मोडत नाही.

मात्र खंड पाडणारा माणूस दोन आठवडे सतत खिन्न असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही त्याला गोडी वाटत नसेल, तर त्याला आळशी ठरवू नका. ती नैराश्याची लक्षणं असू शकतात. डॉक्टरांची वेळ घेऊन द्या आणि सोबत कुणीतरी जा. जगणं नको झाल्याची भाषा असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.