ग्रेनाडाला (जायफळाच्या देशात) जायचंय, मुंबईहून रूट, व्हिसा आणि शाकाहारी जेवणाचं सांगा

लालबागचा_मसालेवाला

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला जायचं चाललंय, मी, बायको आणि ते दोघं. आमचा लालबागला मसाल्याचा धंदा आहे, बाबांचं अख्खं आयुष्य मिरची आणि गरम मसाल्यात गेलं. त्यांनी कुठेतरी बघितलं की एका देशाच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे, तेव्हापासून एकच धोशा, मला तिथे जायचंय. युरोप टूर सुचवली तर सरळ नको म्हणाले. आता त्यांच्या हौसेसाठी मी हे करणारच आहे, पण माहिती फार कमी मिळतेय.

एजंट म्हणतो भारतीयांना व्हिसा लागत नाही, लंडनवरून तिकीट काढून टाका. हे इतकं सोपं आहे का? आई माळकरी आहे, मांसमच्छी, अंडं काही नाही, तिचं जेवणाचं कसं होईल? बाबांचे गुडघे दुखतात, फार चढउतार जमणार नाही. आणि एवढं लांब जातोय तर सेंट लुशिया वगैरे अजून दोन-तीन बेटं जोडावीत का? रजा साधारण दोन आठवड्यांची मिळेल.

दर्यावर्दी_वसई

दादा, तिकीट आधी अजिबात काढू नका. ग्रेनाडाला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी तीन महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही हे बरोबर आहे, पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही आणि खरी अडचण वाटेतल्या देशांची आहे. लोक इथेच अडकतात.

लंडनवरून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलासुद्धा भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्यातही दोन प्रकार. विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायचं असेल तर एक, आणि बाहेर पडून इमिग्रेशन करावं लागणार असेल तर दुसरा. आता मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं आणि पुढचं ग्रेनाडाचं गॅटविकहून असू शकतं, म्हणजे सामान घेऊन बाहेर पडून बसने तिकडे जायचं, मग आतल्या आतला व्हिसा काही कामाचा नाही. दोन तिकिटं वेगवेगळी काढली तरी तेच, सामान पुढे टॅग होत नाही, ते घ्यायला बाहेर यावंच लागतं. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारा, सगळा प्रवास एका पीएनआरवर आहे का आणि विमानतळ बदलतोय का. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर इंग्लंडच्या आतल्या ट्रान्झिटला सूट मिळते, पण हे नियम बदलत राहतात, सरकारी साइटवर आणि एअरलाइनकडे दोन्हीकडे खात्री करा.

न्यूयॉर्क, मायामीवरून जायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, तिथे व्हिसाशिवाय विमान बदलायची सोयच नाही. आईबाबांचा आधीचा अमेरिकेचा व्हिसा असेल तर मात्र हाच रूट सगळ्यात सोपा.

बेटं जोडायचं विचाराल तर एकच जोडा, बार्बाडोस. तिथेही आपल्याला व्हिसा लागत नाही, युरोपातून विमानं जास्त आहेत आणि तिथून ग्रेनाडा अगदी छोटा हॉप आहे. केन्सिंग्टन ओव्हल स्टेडियम बघून होईल, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची २९ जून २०२४ ची फायनल आपण तिथेच ७ रनांनी जिंकलो, त्या मैदानावर उभं राहायला मिळणं ही काय छोटी गोष्ट आहे का! सेंट लुशियाचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत, सोबत म्हातारी माणसं आहेत, त्या भानगडीत पडू नका.

अजून एक. त्रिनिदाद किंवा पनामावरून स्वस्त तिकीट मिळालं तर परत येताना भारतात यलो फीव्हर लसीचं सर्टिफिकेट मागू शकतात, ते देश आपल्या यादीत आहेत. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि वयस्कर लोकांना ती देताना डॉक्टर विचार करतात. तो रूट टाळाच.

मुलुंडकरीण

माझा भाचा सेंट जॉर्जेसच्या मेडिकल युनिव्हर्सिटीत शिकायला होता, तेव्हा ताईबरोबर जाऊन राहून आले, म्हणून जेवणाचं मी सांगते. काकूंची काळजी करू नका पण गृहीतही धरू नका. तिथला राष्ट्रीय पदार्थ ऑइल डाऊन, म्हणजे नीरफणस, अळूसारखी पानं, नारळाचं दूध आणि हळद एकत्र शिजवतात, वाचून वाटेल अरे हे तर आपलंच, पण त्यात बहुतेक वेळा खारवलेलं मांस किंवा मासे असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय खायचं नाही. रस्ताफारी (कॅरिबियनमधला एक धार्मिक पंथ) लोकांची छोटी खानावळ असते, त्यांच्या जेवणाला इटल म्हणतात, ते बहुतेक शाकाहारी असतं, ते शोधा. रोटीत छोले-बटाटा घालून मिळतं, तिथे भारतीय मजुरांचं पहिलं जहाज १ मे १८५७ ला लागलं होतं, त्यांची ही देणगी. तरीही काकूंसाठी किचन असलेलं अपार्टमेंटच घ्या, ग्रँड आन्सच्या आसपास, आणि छोटा कुकर बरोबर न्या. तिथे २३० व्होल्टच आहे, फक्त प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा.

ग्रँड आन्सचा बीच जवळजवळ ३ किलोमीटर, सपाट, काकांच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. धबधब्यांमध्ये ॲनंडेल गाडीपासून जवळ आहे, सेव्हन सिस्टर्सला चिखलातून चालावं लागतं, तो सोडा. गाडी डावीकडूनच चालवतात पण रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, काकांसाठी ड्रायव्हरसकट गाडीच घ्या. मिनीबस स्वस्त आहे, उतरायचं असलं की आतून टपावर नाहीतर बाजूला ठकठक करायचं, पण दाटीवाटीने बसवतात आणि रविवारी फारशा नसतात.

आणि जायफळ! गुयावला जायफळाचं मोठं प्रोसेसिंग स्टेशन आहे, जुनी मजल्यांची इमारत, बायका हाताने निवडत बसलेल्या असतात, आत शिरल्याशिरल्या तो वास. काकांना तिथे घाईघाईत नेऊ नका, तास-दोन तास ठेवा. फोडलेलं जायफळ पाण्यात टाकतात, बुडतं ते चांगलं, तरंगतं ते तेलाला जातं. तुमच्या बाबांना हे बघायला किती आवडेल! (४०० मीटरचा किरानी जेम्स, २०१२ च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, त्याच गावचा.)

दापोलीकर_बागायतदार

आमच्या नारळी-पोफळीत जायफळ आंतरपीक आहे, विद्यापीठाची कोकण सुगंधा ही जात, म्हणून लिहितोय. बाबांना जायच्या आधी एक गोष्ट जरूर सांगा. ग्रेनाडा एके काळी इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवायचं. सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळ आलं आणि बहुतेक झाडं आडवी झाली, पुढच्याच वर्षी एमिली वादळ. जायफळाला फळ धरायला सहा-सात वर्षं, भरात यायला त्याहून किती तरी जास्त, त्यात रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणून कित्येक शेतकरी कोकोकडे वळले. आज तिथे जे झाड दिसेल ते कुणीतरी धीर धरून परत लावलेलं आहे, हे डोक्यात ठेवून बघितलं की त्या बागा वेगळ्याच दिसतात. मला स्वतःला हे सगळं एकदा बघायची फार इच्छा आहे.

कोकोसाठी बेलमाँट इस्टेट बघा, बियांपासून चॉकलेटपर्यंत सगळं दाखवतात. खायला वाळलेलं जायफळ, जायपत्री विकत घ्या, पण लावायला बी, रोप, माती काही आणू नका, प्लांट क्वारंटाइनचा नियम आहे आणि तो आपल्याच बागांच्या भल्यासाठी आहे.

फेब्रुवारी उत्तम, कोरडा हंगाम. वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर.

लालबागचा_मसालेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना दापोलीकरांची पोस्ट वाचून दाखवली, ते म्हणाले तिथल्या शेतकऱ्याशी बोलायला मिळेल का ते बघ, बाकी काही नको. एजंटला विचारलं, विमानतळ खरंच बदलतोय, म्हणून ते तिकीट थांबवलंय. आता बार्बाडोसवरूनचा रूट बघतोय. ७ फेब्रुवारीला त्यांचा स्वातंत्र्यदिन आहे असं दिसलं, तेव्हा तिथे पोचावं का? आणि पैसे कुठले न्यायचे, फोर्टमध्ये तिथलं चलन मिळेल का?

दर्यावर्दी_वसई

जरूर पोचा, १९७४ ला स्वतंत्र झाले, सगळं गाव लाल-पिवळ्या-हिरव्यात रंगलेलं असतं. फक्त त्या दिवशी सुट्टी, जायफळाचं स्टेशन दुसऱ्या दिवसावर ठेवा, शनिवार-रविवार सोडून.

ईस्ट कॅरिबियन डॉलर फोर्टमध्ये शोधू नका, अमेरिकन डॉलर न्या, छोट्या नोटा जास्त. भाव १ अमेरिकन डॉलरला २.७० ईस्ट कॅरिबियन डॉलर असा १९७६ पासून बांधलेला आहे, त्यामुळे कोणी कमी देत असेल तर लगेच कळेल. शेतकऱ्याशी बोलायचं असेल तर ड्रायव्हरलाच सांगा, छोटं बेट आहे, कोणाची ना कोणाची बाग ओळखीची निघतेच.

आणि हो, फॅशन स्ट्रीटवरची ती मिलिटरी प्रिंटची बर्म्युडा किंवा टोपी कोणाच्याही बॅगेत नको. तिथे साध्या माणसाने तसे कपडे घालणं कायद्याने बंद आहे, बार्बाडोसलाही.