बोट ओढू नका

पाळलेला बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) ‘चावला की बोट झटकन ओढून घ्या’ असं कुणीतरी वर सुचवलंय, ते कृपया करू नका. बॉल पायथन बिनविषारी असला तरी त्याचे दात आत वळलेले असतात. ओढलं की कातडी फाटते, दात तुटून आत राहू शकतात. त्याच्या तोंडावर गार पाणी ओता, बहुतेकदा तो स्वतःच सोडतो. मग साबणाने जखम धुवा, डॉक्टरांना धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. हळद-चुना नकोच.

पण मला जास्त काळजी वेगळीच वाटते. आपल्या नागपुरात पावसाळ्यात मण्यार हा अतिविषारी सापही घरात शिरतो. तो बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. फारसं दुखत नाही, सूज नसते, खूणही कधी सापडत नाही. ज्या घरात साप पाळलेला आहे तिथे ‘आपलाच असेल’ म्हणून सगळे परत झोपतील, ही खरी भीती. अंधारात चावलं आणि साप दिसला नाही, तर विषारीच समजा आणि सरळ मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. पापण्या जड होण्याची, पोट दुखण्याची वाट बघू नका. लहान मुलं असतील तर त्यांना खाली झोपवू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.