बेसिसिटी तीच, तरी स्लॅग घट्ट: वाहण्याचा अंदाज कशावर बांधायचा?

कास्टहाउस_नवीन

नमस्कार. ब्लास्ट फर्नेसवर (खनिजापासून लोखंड बनवणाऱ्या भट्टीवर) शिफ्ट इंजिनिअर आहे, या कामात अजून नवीन आहे. स्लॅगच्या (लोखंडावर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीच्या) श्यानतेबद्दल, म्हणजे घट्टपणाबद्दल, विचारायचंय.

बर्डन (भट्टीत घालायचा कच्चा माल) बदलण्याआधीचं एक आणि नंतरचं एक, अशी दोन टॅपिंग (भट्टीतून वितळलेला माल बाहेर काढण्याच्या खेपा) घेतो. आधीच्या स्लॅगचं विश्लेषण: चुना ३९, सिलिका ३५.८, ॲल्युमिना १४, मॅग्नेशिया ९ टक्के. नंतरच्याचं: चुना ३७, सिलिका ३४, ॲल्युमिना २०, मॅग्नेशिया ६.५ टक्के. चुना भागिले सिलिका, म्हणजे बेसिसिटी, दोन्हीकडे १.०९. पहिला स्लॅग रनरमधून (वाहून नेणाऱ्या चरातून) सरळ निघून गेला. दुसरा स्किमरच्या (स्लॅग आणि लोखंड वेगळं करणाऱ्या अडसराच्या) पुढे रेंगाळला, कडेने थर धरत गेला आणि शेवटी सळया घालून वाट मोकळी करावी लागली.

मी एक्सेलमध्ये युरबॅनचं सूत्र (रचना आणि तापमानावरून श्यानता काढणारं) बसवलंय. दोन्ही विश्लेषणं घातली तर १५०० अंश सेल्सिअसला दुसरा स्लॅग पहिल्याच्या साधारण दीडपट घट्ट दिसतो. पण दीडपट फरकाने रनर अडतो का? दुसरं एखादं सूत्र लावलं की आकडा आणखी वेगळा येतो. नक्की कोणत्या सूत्रावर विश्वास ठेवायचा?

जुना_फर्नेसवाला

दीडपटीने रनर अडत नाही, तुमची शंका रास्त आहे. सूत्रही बरोबर बसवलेलं दिसतंय, कारण या दोन विश्लेषणांना युरबॅन दीडपटच देतो. मुद्दा असा की ही सगळी सूत्रं पूर्ण वितळलेल्या स्लॅगसाठी आहेत. तुमच्या रनरमध्ये दुसऱ्या वेळी जे होतं ते पूर्ण वितळलेलं नव्हतं, असं मला वर्णनावरून ठामपणे वाटतं.

आधी रसायन बघू. सिलिकामध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि हे ऑक्सिजन शेजारच्या सिलिकॉनशी वाटून घेतलेले असतात. त्यातून जाळं बनतं. चुना आणि मॅग्नेशिया ते जाळं तोडतात. ॲल्युमिना मात्र जाळ्यात स्वतः शिरतो, आणि शिरताना विद्युतभाराचा तोल राखायला कॅल्शियमला आपल्याजवळ धरून ठेवतो. म्हणजे तो दोन्हीकडून नुकसान करतो: जाळं वाढवतो आणि तोडणाराही अडकवून ठेवतो. चुना-सिलिकाच्या गुणोत्तरात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून नुसत्या त्या बेसिसिटीवर स्लॅगची पारख करणं मला कधीच पटलेलं नाही.

त्याऐवजी जाळं बनवणाऱ्या प्रत्येक अणूमागे किती ऑक्सिजन मोकळे आहेत ते काढा. मोलमध्ये चुना अधिक मॅग्नेशिया वजा ॲल्युमिना, त्याची दुप्पट. भागिले सिलिका अधिक ॲल्युमिनाची दुप्पट. तुमच्या पहिल्या स्लॅगला हा आकडा १.८ येतो, दुसऱ्याला १.३. बेसिसिटी जो फरक लपवत होती तो इथे उघड दिसतो. एक्सेलमध्ये एक ओळ लागते, आजच घाला.

तरीही ही झाली फक्त द्रवाची गोष्ट. तापमान ५० अंशांनी उतरलं तर तुमच्या दुसऱ्या स्लॅगची श्यानता युरबॅनप्रमाणे साधारण १.४ पट होते. रसायनाची दीडपट आणि तापमानाची १.४ पट धरली तरी मिळून दुपटीच्या थोडं वर. चांगला वाहता स्लॅग १५०० अंशांना ३ ते ५ पॉइजच्या (पॉइज हे श्यानतेचं एकक) आसपास असतो. तो ८ किंवा १० झाला तर संथ होईल, पण कडेने थर धरणार नाही.

थर धरला याचा अर्थ स्फटिक पडायला लागले. अशा रचनेच्या स्लॅगमधून बहुधा आधी मेलिलाइट नावाचं खनिज पडतं. मेलिलाइटचं एक टोक गेहलेनाइट, ज्यात ॲल्युमिना असतो आणि जे १५९० अंशांच्या आसपास वितळतं. दुसरं टोक अकरमानाइट, ज्यात मॅग्नेशिया असतो आणि जे १४५४ ला वितळतं. तुम्ही ॲल्युमिना १४ वरून २० वर नेला आणि त्याच वेळी मॅग्नेशिया ९ वरून ६.५ वर आणला. दोन्ही बदलांनी मेलिलाइट गेहलेनाइटकडे ढकललं आणि लिक्विडस (ज्या तापमानाखाली स्फटिक पडायला लागतात ते) वर चढला. तापमान तेच राहिलं तरी स्लॅग आणि त्याचा लिक्विडस यातलं अंतर आटलं.

एकदा द्रवात घन कण आले की हिशोब बदलतो. आइनस्टाइनच्या १९०६ च्या कामावर आधारलेलं आणि रोस्कोने १९५२ मध्ये पुढे नेलेलं समीकरण इथे वापरतात: द्रवाची श्यानता गुणिले (१ वजा १.३५ गुणिले घनाचा आकारमानी अंश), त्याचा वजा अडीचावा घात. घन १० टक्के असेल तर श्यानता १.४४ पट. ३० टक्के असेल तर साडेतीन पटीच्या पुढे. आणि रनरच्या कडेला, जिथे स्लॅग सगळ्यात लवकर थंड होतो, तिथे ३० टक्क्यांवर थोडंच थांबतं?

म्हणून माझं उत्तर: सूत्र कोणतंही एकच धरा आणि ते फक्त तुलनेसाठी वापरा. अंदाज बांधायचा तो स्लॅगचं तापमान आणि लिक्विडस यांच्यातल्या अंतरावर. चुना-सिलिका-ॲल्युमिना-मॅग्नेशियाचे लिक्विडस नकाशे ठरावीक ॲल्युमिनाच्या छेदांत छापलेले मिळतात. ऑसबर्न आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये त्यावरूनच ब्लास्ट फर्नेस स्लॅगची योग्य रचना कोणती याची मांडणी केली होती. १५ आणि २० टक्के ॲल्युमिनाचे छेद काढा आणि आपले दोन बिंदू, पहिला १५ च्या आणि दुसरा २० च्या छेदावर, स्वतःच्या हाताने टाका. सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच, पण एकदा हाताने टाकल्याशिवाय त्या रेषा कुठे दाट होतात हे लक्षात राहत नाही.

एक सांगा, तापमान कुठे मोजता?

कास्टहाउस_नवीन

स्किमरजवळ, हॉट मेटलमध्ये (वितळलेल्या लोखंडात) डिप (बुडवायचा तापमापक) घालून. दोन्ही टॅपिंगला दहा अंशांचाही फरक नव्हता. स्लॅगचं वेगळं मोजत नाही.

मुशी_आणि_स्पिंडल

मी प्रयोगशाळेत वितळलेल्या स्लॅगची श्यानता मोजते. मॉडेलवाल्यांचा आकडा ज्या मोजमापांवर उभा असतो त्याबद्दल थोडं लिहिते.

मुशीत स्लॅग वितळवायचा, त्यात वरून स्पिंडल (फिरणारा दांडा) सोडायचा, तो ठरावीक वेगाने फिरवायचा आणि किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो ते बघायचं. ऐकायला सोपं आहे. पण ॲल्युमिनाची मुशी घेतली तर ती स्लॅगमध्ये विरघळते आणि मोजता मोजता रचनाच बदलते. ग्रॅफाइट घेतलं तर ते तापमानाप्रमाणे सिलिकातला ऑक्सिजन कमी-अधिक ओढून घेतं. म्हणून मॉलिब्डेनम, तेही आर्गॉनखाली, कारण हवेत ते जळून जातं. हवेतच मोजायचं असेल तर प्लॅटिनम-ऱ्होडियम. कॅलिब्रेशन सिलिकॉन तेलावर होतं, साध्या खोलीच्या तापमानाला, आणि १५०० अंशांना स्पिंडल प्रसरण पावतो त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते. स्पिंडल मध्यापासून जरासा सरकला तरी टॉर्क बदलतो. एवढं सगळं सांभाळूनही दोन चांगल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांत २५ टक्क्यांपर्यंत तफावत दिसली तर मला त्यात वावगं वाटत नाही. अशा मोजमापांवर बसवलेल्या दोन सूत्रांत ३० टक्के फरक आला म्हणून एक चूक आणि एक बरोबर, असं ठरवता येत नाही.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो थंड करतानाचा आलेख. श्यानतेचा लॉग आणि तापमानाचा व्यस्तांक घेतला की बराच वेळ सरळ रेष येते. मग बेसिक (चुना जास्त असलेला) स्लॅग असेल तर एका जागी रेष कोपरासारखी वळते आणि जवळजवळ उभी चढते. काही अंशांत स्पिंडल फिरेनासा होतो. ॲसिडिक (सिलिका जास्त असलेल्या) स्लॅगला असा कोपर सहसा येत नाही, तो काचेसारखा हळूहळू घट्ट होत जातो. तुमचा दुसरा स्लॅग रनरमध्ये त्या कोपरावर उभा होता. एक काळजी घ्या: थंड करण्याचा वेग जास्त ठेवला तर कोपर प्रत्यक्षापेक्षा खालच्या तापमानाला दिसतो. कोणाच्या आलेखावरून काही ठरवत असाल तर तो वेग आधी विचारा.

आणि पॉइजला १० ने भागलं की पास्कल-सेकंद. बरेच गोंधळ इथेच होतात.

कास्टहाउस_नवीन

दोघांचेही मनापासून आभार. मोकळ्या ऑक्सिजनची ओळ घातली, १.८ आणि १.३ जुळलं. आणखी दोन शंका. एक, स्लॅगमध्ये थोडा टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड) आहे, तो सूत्रात कुठे धरायचा? दोन, लॅबचं विश्लेषण यायला वेळ लागतो. तोवर रनरवर उभं राहून काही कळतं का?

जुना_फर्नेसवाला

टायटॅनियाबद्दल सूत्रावर अजिबात विसंबू नका. हवेत किंवा आर्गॉनमध्ये मोजला तर टायटॅनिया स्लॅग पातळ करतो आणि सूत्रंही तेच सांगतात. पण हर्थमध्ये (भट्टीच्या तळाशी) कार्बन आहे, नायट्रोजन आहे. तिथे टायटॅनियमचं कार्बाइड आणि नायट्राइड तयार होतं. दोन्ही ३००० अंशांच्या आसपास वितळणारी, म्हणजे स्लॅगमध्ये ती घन कण म्हणूनच राहतात. हर्थची झीज थांबवायला टायटॅनिया मुद्दाम घालतात तो याच गुणामुळे. फर्नेस जितकी गरम आणि हॉट मेटलमध्ये सिलिकॉन जितका जास्त, तितका हा त्रास वाढतो. घट्ट स्लॅग दिसला की उष्णता वाढवायची, ही सवय टायटॅनिया असताना उलटू शकते.

रनरवर कळतं, बरंच कळतं. सळई स्लॅगमध्ये बुडवून वर उचला. ॲसिडिक स्लॅग सळईवरून लांब दोरा सोडत खाली येतो, दोरा तुटायला वेळ घेतो आणि थिजल्यावर काळसर, काचेसारखा चमकतो. बेसिक स्लॅग आखूड थेंबांनी तुटून पडतो आणि मोडल्यावर आतून दगडासारखा करडा, निस्तेज दिसतो. मध्ये कुठेतरी काच आणि दगड दोन्हीचे पट्टे दिसतात. प्रत्येक टॅपिंगचा एक तुकडा जपून ठेवा, त्यावर चिठ्ठी लावा आणि विश्लेषण आलं की शेजारी लिहा. आपल्या फर्नेसचा स्लॅग असा हाताने ओळखता येणं मी फार मोलाचं मानतो. फक्त एक, सळई कोरडी आणि गरम करून घेतलेली हवी. ओली सळई स्लॅगमध्ये घालणं जिवावर बेततं.

तापमानाबद्दल: डिप हॉट मेटलमध्ये घेता, पण अडतो तो स्लॅग, आणि तोही स्किमरपाशी लोखंडापासून वेगळा होऊन आपल्या रनरमध्ये गेल्यावर. उघड्या रनरमध्ये त्याची उष्णता वरून निघून जाते. टॅपहोलपाशी (भट्टीतून माल बाहेर येतो त्या छिद्रापाशी) लिक्विडसपासूनचं अंतर पुरेसं असलं तरी रनरच्या टोकाला ते संपलेलं असू शकतं. निदान अधूनमधून स्लॅगमध्येच मोजा.

मुशी_आणि_स्पिंडल

विश्लेषणाबद्दल एक भर. एक्सआरएफ (लॅबचं क्ष-किरणांनी विश्लेषण करणारं यंत्र) सगळं कॅल्शियम चुना म्हणून दाखवतो, पण स्लॅगमधलं सल्फर कॅल्शियम सल्फाइडच्या रूपात असतं. सल्फर १ टक्का असेल तर सुमारे १.७५ टक्के चुना प्रत्यक्षात चुना नसतो. तो वजा करूनच सूत्रात घाला. तुमच्या ३७ मधून एवढं गेलं तर १.०९ ची बेसिसिटी १.०४ वर येते.

कास्टहाउस_नवीन

हे अजिबात माहीत नव्हतं, दोन्ही शीट सुधारतो. म्हणजे आता चुना वाढवू की मॅग्नेशिया?

जुना_फर्नेसवाला

आधी मॅग्नेशिया. ६.५ वरून ८.५-९ पर्यंत न्या. ॲल्युमिना २० असताना चुना वाढवून जाळं तुटेल खरं, पण लिक्विडसही चढू शकतो आणि अल्कली बाहेर पडायला अडथळा होतो. मॅग्नेशियाही १० च्या फार पुढे नको, स्पिनेल (मॅग्नेशिया-ॲल्युमिनाचे स्फटिक) पडायला लागतं. डोलोमाइटने नेलात तर चुनाही बरोबर येतो. पायरोक्सेनाइट किंवा ड्युनाइट या खडकांनी नेलात तर सिलिका येते. बेसिसिटी कुठे ठेवायची आहे ते सल्फर बघून ठरवा आणि त्याप्रमाणे दोघांचं प्रमाण बसवा. बदल बर्डनमध्ये केल्यापासून हर्थमध्ये दिसायला सहा-आठ तास धरा. तोवरच्या टॅपिंगला स्लॅग घट्टच येणार आहे, तेव्हा पुढच्या शिफ्टच्या लॉगबुकात हे लिहून ठेवा, नाहीतर ते लोक त्याच कारणासाठी आणखी मॅग्नेशिया घालतील.