शब्दचर्चा: ‘माउंट’ आणि ‘अनमाउंट’ला काय म्हणावं?

कृष्णाकाठ, सांगली
मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत पेढीसाठी सूचनांचा कागद मराठीत करतोय. संगणक लिनक्सवर आहेत आणि सगळा हिशेब एका नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यावर), तो एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरण्याच्या पद्धतीने, माउंट केलेला: संगणकातल्या एका फोल्डरवर आणून बसवलेला. सकाळी सुरू करताना आणि संध्याकाळी बंद करताना काय बघायचं, एवढाच मजकूर. ‘आरोहित करणे’ लिहिलं तर दिवाणजी अजिंक्यताऱ्याकडे निघतील. साधं ‘जोडणे’ चालेल का?

वाईकर
‘जोडणे’ नको. वायर जोडलेली असते, नेटवर्कही जोडलेलं असतं, तरी माउंट झालेलं नसू शकतं. कागदावर ‘जोडलंय का पाहा’ असेल तर माणूस लॅनचा हिरवा दिवा बघेल आणि कामाला लागेल. मग नोंदी कुठे जातात? माउंट नसेल तर /एमएनटी/हिशेब हे स्थानिक डिस्कवरचं रिकामं फोल्डर असतं आणि परवानगी असेल तर फायली तिथेच लिहिल्या जातात. नंतर नॅस माउंट झाला की त्या फायली त्याच्याखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, पण जागा खातात. रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट अशी चुकली तर मूळ डिस्कच भरते.

उपाय सोपा आहे. माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर +आय’ (बदल बंद करणारी आज्ञा) चालवा. मग रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) तिथे फाइल करता येत नाही. माउंट मात्र नेहमीसारखं होतं.

मिरज जंक्शन
मूळ अर्थाने ‘चढवणे’ अगदी बरोबर. पूर्वी टेपचं रीळ किंवा डिस्कचा संच उचलून खरोखरच यंत्रावर चढवत. पण आता आपल्याकडे चढवणे म्हणजे अपलोड आणि उतरवणे म्हणजे डाउनलोड हे पक्कं झालंय. ‘संध्याकाळी हिशेब उतरवून मग संगणक बंद करा’ असं लिहाल तर कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन बसेल.

कोयनातीर, कराड
मी ‘जुंपणे’ आणि ‘सोडणे’ सुचवते. बैल आहे, औत आहे, पण जुंपल्याशिवाय काम नाही. वाईकरांनी सांगितलेला फरक त्यात आपोआप येतो. शिवाय सोडायचा क्रम उलटा असतो, तोही. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) संगणक बंद होताना सुरुवातीचा क्रम उलटा चालवतो. जे नेटवर्कनंतर सुरू झालं ते नेटवर्क जाण्याआधी थांबतं. म्हणून एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत) ‘_नेटडेव्ह’ची, म्हणजे ‘याला नेटवर्क लागतं’ या खुणेची, किंमत सकाळइतकीच संध्याकाळीही आहे. एनएफएस आणि सीआयएफएस (विंडोजच्या पद्धतीचं शेअरिंग) हे प्रकार सिस्टमडी नावावरून ओळखतो. आयस्कझीवरच्या (नेटवर्कवरून येणाऱ्या डिस्कवरच्या) ईएक्सटी४ या फाइलरचनेला मात्र ‘_नेटडेव्ह’ लिहावाच लागतो. नाही लिहिला तर सिस्टमडी ती स्थानिक डिस्क समजून नेटवर्क यायच्या आधी ९० सेकंद थांबतो आणि मग थेट आणीबाणीच्या मोडमध्ये जातो.

याच ओघात: ‘नेटवर्क.टार्गेट’ या सिस्टमडीच्या टप्प्याचं भाषांतर कुणी ‘नेटवर्क आलं’ असं करू नका. त्याचा अर्थ फक्त नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली, एवढाच. त्याचा खरा उपयोग बंद होताना क्रम राखायला. पत्ता मिळून नेटवर्क वापरण्याजोगं झालं, हे ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ सांगतं.

मिरज जंक्शन
ताई, शब्द झकास, पण ‘सकाळी जुंपली का?’ असं पेढीत विचारलं तर भांडण कुणाचं, असाच प्रश्न येईल.

कृष्णाकाठ, सांगली
एफएसटॅबमधल्या ‘नोफेल’ या पर्यायाला काय लिहू? ‘अपयशी न होणारा’ असं एका ठिकाणी वाचलं.

वाईकर
ते उलटंच झालं. ‘नोफेल’ म्हणजे ‘नाही आला तरी चालेल’. माउंट फसू शकतोच. त्यासाठी सुरुवात अडवायची नाही, एवढंच तो सांगतो. पेढीसाठी एफएसटॅबमध्ये ही ओळ ठेवा (इथे देवनागरीत आहे, फाइलीत रोमनमध्येच टंका):

नॅस:/हिशेब /एमएनटी/हिशेब एनएफएस _नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३० ० ०

मग बदल लागू करायला ‘सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड’ आणि ‘सिस्टमसीटीएल रिस्टार्ट रिमोट-एफएस.टार्गेट’. आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवलं तर टंकनातल्या काही चुका तिथेच सापडतात.

ऑटोमाउंट यासाठी, की वीज जाऊन आली की संगणक पटकन उठतात आणि नॅस मागून येतो. ऑटोमाउंटमध्ये फोल्डर पहिल्यांदा उघडतानाच माउंट होतं. तोवर नॅस आला नसेल तर चूक दाखवली जाते, फाइल भलतीकडे पडत नाही. फक्त तपासताना फसू नका. ‘फाइंडएमएनटी’मध्ये (माउंटची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) ‘ऑटोएफएस’ची ओळ सुरुवातीपासूनच असते, ती म्हणजे नुसता पहारा. फोल्डर एकदा उघडा आणि ‘एनएफएस४’ची ओळ आली का ते पाहा.

कोयनातीर, कराड
एनएफएसच्या ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ या पर्यायांना कठीण-मऊ लिहू नका. हार्ड म्हणजे ‘हट्टी’: नॅस परत येईपर्यंत विचारतच राहणार. मूळ सेटिंग तेच. सॉफ्ट म्हणजे ‘सोडून देणारा’: ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला चूक कळवून मोकळा. ती चूक प्रोग्रामने नीट हाताळली नाही तर फाइल अर्धवट राहते. हिशेबाला हट्टीच हवा. आणि ‘टाइमिओ’चा (उत्तराची वाट किती पाहायची त्याचा) आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. ६०० म्हणजे ६० सेकंद. लोक ३० लिहितात आणि तीन सेकंदांत नॅस बंद पडल्याची ओरड सुरू होते.

मिरज जंक्शन
संध्याकाळी पडदा अडकतो तो या हट्टीपणामुळेच. नॅसचं बटण आधी दाबलं, की संगणक उत्तराची वाट बघत ‘स्टॉप जॉब’ची (काम थांबण्याची वाट पाहतोय अशी) ओळ दाखवत बसतो. कागदावर ठळक लिहा: आधी सगळे संगणक, शेवटी नॅस. वायफायवर असाल आणि ते कनेक्शन एकाच वापरकर्त्यापुरतं असेल तर लॉगआउट होताच नेटवर्क जातं, माउंट तसाच राहतो. ते सर्व वापरकर्त्यांसाठी करून घ्या. आणि अनमाउंट करताना येणाऱ्या ‘टार्गेट इज बिझी’ला ‘व्यस्त’ नको, ‘कुणीतरी वापरतंय’ लिहा. कोण, ते ‘फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/हिशेब’ सांगतं. बहुधा त्याच फोल्डरमध्ये उघडी राहिलेली टर्मिनलची खिडकी निघते.

कृष्णाकाठ, सांगली
आणि ‘यूमाउंट -एल’ (‘लेझी’ अनमाउंट)? आळशी?

वाईकर
‘मागाहून सोडणे’ म्हणा. फोल्डरमधून नाव लगेच जातं, पण शेवटची उघडी फाइल बंद होईपर्यंत आतला संबंध तुटत नाही. त्यानंतर नॅस बंद करायला हरकत नाही असं समजू नका, लिखाण बाकी असू शकतं. तो शब्द पेढीच्या कागदावर येऊच नये.

माझं मत विचाराल तर देखभाल करणाऱ्याच्या कागदावर ‘माउंट’ तसाच ठेवा. दिवाणजींच्या कागदावर क्रियापदच नको, दिसणारी गोष्ट लिहा: ‘हिशेब फोल्डर उघडा. चालू वर्षाचं फोल्डर दिसलं तरच नोंद करा. दिसलं नाही तर नॅसचा दिवा पाहा, दोन मिनिटांनी पुन्हा उघडा.’

कोयनातीर, कराड
हे पटलं. ‘स्टेल फाइल हँडल’ ही चूक राहिली. ‘शिळी मूठ’ वाचलंय मी, कृपया नको. नॅसवरची ती फाइल किंवा फोल्डर काढून टाकलं, की संगणकाकडची जुनी खूण निकामी होते. म्हणून ‘खूण बाद झाली’. फोल्डर बंद करून पुन्हा उघडा. तरी तेच आलं तर माउंट काढून पुन्हा करायचं, आणि ते काम दिवाणजींचं नाही.