बारा सदनिकांच्या इमारतीला मोठ्या प्रकल्पाचेच नियम: लहान बांधकाम व्यावसायिकांनी शासनाकडे नेमके काय मागावे?

प्रश्न (लहान बांधकाम व्यावसायिक, उत्तर महाराष्ट्र)

आमचा व्यवसाय वडिलांच्या काळापासूनचा असून वर्षा-दोन वर्षांत दहा-पंधरा सदनिकांची एखादी इमारत पूर्ण करणे एवढाच त्याचा आवाका आहे. सध्या महापालिका हद्दीतील एका जुन्या वसाहतीत ६०० चौरस मीटरचा बंगल्याचा भूखंड विकसन करारावर मिळण्याची शक्यता आहे. बारा सदनिका होतील, त्यांतील चार जागामालक कुटुंबाला द्यायच्या आणि उरलेल्या आठ विकून खर्च व नफा काढायचा, असा साधा हिशेब आहे.

अडचण समोरच्या रस्त्यापासून सुरू होते. तो साडेसात मीटरचा आहे. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १.१ एवढा मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते, तो चटई क्षेत्र निर्देशांक) मिळतो. प्रीमियमचा, म्हणजे पालिकेला जादा शुल्क भरून मिळणारा एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्याकडून विकत घेतलेला हस्तांतरणीय विकास हक्क, तेथे वापरता येत नाही. म्हणजे ६६० चौरस मीटर, आणि त्यावर ६० टक्के अनुषंगिक एफएसआय (जिना, बाल्कनी अशा जोड क्षेत्रासाठीचा) प्रीमियम भरून घेतला तर एकूण १,०५६ चौरस मीटर. हाच भूखंड नऊ मीटरच्या रस्त्यावर असता तर निर्देशांक २ पर्यंत गेला असता आणि अनुषंगिक धरून १,९२० चौरस मीटरचा हिशेब झाला असता.

दुसरी अडचण भांडवलाची आहे. खासगी विकासकाला जमीन खरेदीसाठी कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केलेली आहे. महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही व आगाऊ रक्कम घेता येत नाही, आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राशिवाय नोंदणी होत नाही. त्यामुळे विकसन कराराचे मुद्रांक शुल्क, विकास शुल्क, प्रीमियम, कामगार उपकर आणि जागामालकाचे तात्पुरते घरभाडे हा सगळा पैसा पहिली सदनिका विकली जाण्यापूर्वी खिशातून घालावा लागतो. आमच्यासारख्यांना तो खासगी व्याजाने उभा करावा लागतो.

असे लहान प्रकल्प सध्याच्या धोरणात व्यवहार्य राहिले आहेत काय? आणि शासनाकडे मागणी करायची झाल्यास ती नेमकी कोणती असावी?

उत्तर १ (वास्तुविशारद)

१,९२० चौरस मीटरचा आकडा आपण मनातून काढून टाकावा, असे मी आपल्याला आधीच सांगतो. वीस बाय तीस मीटरच्या भूखंडावर इमारतीची उंची वाढली की बाजूच्या मोकळ्या जागा वाढतात, मोटारींसाठी तळमजला द्यावा लागतो, तोही पुरत नाही म्हणून यांत्रिक वाहनतळाचा खर्च येतो, आणि जिना व उद्वाहनाचा (लिफ्टचा) गाभा लहान मजल्यावर मोठ्या इमारतीइतकीच जागा खातो. त्यामुळे टीडीआर विकत घेऊनही तो जिरवता येत नाही. नियमावली एफएसआय उदारपणे देते, पण मोकळ्या जागा आणि वाहनतळ यांचे नियम तो लहान भूखंडावर वापरू देत नाहीत, हे माझे रोजच्या आरेखनातले निरीक्षण आहे.

रस्त्याबाबत मार्ग आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार आयुक्त रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकतात. ती नऊ मीटरची ठरली तर दोन्ही बाजूंच्या भूखंडधारकांनी आपापली पट्टी सोडून वाढीव क्षमतेचा लाभ घेता येतो. मात्र हे एकट्या भूखंडाचे काम नाही. संपूर्ण गल्लीचा प्रश्न येतो आणि ज्यांना पुनर्विकास करायचा नाही, त्यांना कुंपणाची भिंत मागे घेण्यात काहीच रस नसतो. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ठरावीकच रस्ते का, यावरून मोठा वाद झाला होता. तेव्हा आपल्या गल्लीतील शेजाऱ्यांशी आधी बोलावे.

उत्तर २ (सनदी लेखापाल)

मी मुख्यतः लहान विकासकांचे काम पाहतो. माझ्या मते खरा प्रश्न कोणत्याही एका नियमाचा नाही. प्रकल्पाचा आकार विचारात न घेता ठरवलेला स्थिर खर्च, हा तो प्रश्न आहे.

महारेरा नोंदणीचे शुल्क पाहावे. राज्याच्या २०१७ च्या नियमांनुसार ते भूखंडाच्या क्षेत्रावर प्रति चौरस मीटर १० रुपये, किमान ५०,००० आणि कमाल १० लाख रुपये असे आहे. आपल्या ६०० चौरस मीटरला दराने ६,००० रुपये येतात; किमान मर्यादेमुळे आपण ५०,००० भराल, म्हणजे ५,००० चौरस मीटरवाल्याइतकेच. वरच्या टोकाला मात्र एक लाख चौरस मीटरनंतर शुल्क वाढणेच थांबते. रक्कम प्रकल्पाच्या खर्चात फार मोठी नाही हे खरे. पण दर लहानाकडे अधिक आणि मोठ्याकडे कमी होत जाण्याची हीच रचना पुढे सर्वत्र दिसते. वास्तुविशारद, अभियंता आणि लेखापाल यांची प्रमाणपत्रे, दर तिमाहीची माहिती, वार्षिक लेखापरीक्षण, १ जुलै २०२४ पासून एकाच बँकेत तीन स्वतंत्र खाती, हे सगळे बारा सदनिकांनाही आहे आणि बाराशे सदनिकांनाही. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. लहान विकासकाकडे तो स्वतः असतो आणि माझ्यासारखा एखादा बाहेरचा माणूस.

वस्तू व सेवा कराचा फटका याहून मोठा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांवर १ टक्का व इतर घरांवर ५ टक्के कर आहे, परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. शिवाय एकूण खरेदीपैकी ८० टक्के नोंदणीकृत पुरवठादारांकडून झाली पाहिजे. कमी पडलेल्या भागावर विकासकाने स्वतः १८ टक्के कर भरायचा. मोठा विकासक तयार काँक्रीट आणि पोलाद कंपन्यांकडून घेतो आणि त्याचे कंत्राटदारही नोंदणीकृत असतात. तालुक्याच्या गावात वीट भट्टीवाल्याकडून येते, वाळू ट्रॅक्टरवाल्याकडून आणि गवंडी-सेंट्रिंगचा ठेका अशा मुकादमाकडे असतो, ज्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत पोहोचतच नाही. नियम एकच असला तरी १८ टक्क्यांचा बोजा कोणावर पडतो, हे यावरून लक्षात येईल. सिमेंटवरील दर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा दिलासा सर्वांना मिळाला. मात्र परवडणाऱ्या घरासाठीची ४५ लाखांची मर्यादा २०१९ पासून तिथेच आहे आणि जिल्ह्याच्या शहरांतली साधी सदनिकाही आता ती ओलांडू लागली आहे.

शासनाने सवलत दिली तरी तिची रचना मोठ्यांना सोयीची ठरते. जानेवारी २०२१ मध्ये प्रीमियममध्ये ५० टक्के सूट वर्षअखेरपर्यंत देण्यात आली आणि त्याबदल्यात ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे, अशी अट होती. ज्यांच्याकडे भूखंड तयार होते आणि एकरकमी भरायला पैसे होते, त्यांनी लाभ घेतला. त्याच वर्षी करोनामुळे ज्यांची कामे बंद होती, त्यांना तो घेणे कसे शक्य होते?

उत्तर ३ (सदनिकाधारक)

मी बांधकाम व्यावसायिक नाही, तरीही लिहितो, कारण या चर्चेत ग्राहक कोठेच दिसत नाही.

आमची इमारत आठ सदनिकांची आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणी लागत नाही. आमच्या विकासकाने नेमका तेवढाच आकार निवडला. इमारत उभी राहिली, आम्ही राहायला आलो. परंतु इमारत वापरण्यास परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र आजतागायत मिळालेले नाही आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी सदनिकाधारकांच्या संस्थेच्या नावे होणेही, झालेले नाही. तो लहान व्यावसायिक होता. त्याचीही पैशांची ओढाताण झाली असेल, हे मी समजू शकतो. पण आमची आयुष्यभराची बचत त्या ओढाताणीत अडकली आहे.

म्हणून ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट आणि करार नोंदवण्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेण्याची अट, या दोन्हींना कोणी हात लावू नये. शुल्क कमी करावे, कागद कमी करावेत, माझी हरकत नाही. मात्र लहानांसाठी नोंदणीची सूट वाढवावी, अशी मागणी होणार असेल तर मी तिला ठाम विरोध करीन.

उत्तर ४ (निवृत्त नगररचना अधिकारी)

वरील सदनिकाधारकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि मूळ प्रश्नाचे उत्तरही त्यातून पुढे जाते. लहान व्यावसायिकाची मागणी ग्राहकाच्या संरक्षणाशी निगडित नसावी. ती पैसे केव्हा भरायचे आणि परवानगी किती दिवसांत मिळायची, यांच्याशी असावी.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५(५) नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. तरतूद चांगली आहे, पण मानीव परवानगीवर कोणतीही बँक कर्ज देत नाही आणि प्रस्ताव नियमांशी विसंगत निघाल्यास बांधकाम अनधिकृत ठरण्याचा धोका विकासकाच्याच माथी राहतो. म्हणून तिचा आधार घेणारे क्वचितच भेटतात. नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना जवळपास परवानगीतून मुक्त केले आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांची सोपी पद्धत दिली. त्यापुढे मात्र पायरीच नाही. ६०० चौरस मीटरचा भूखंड आणि दहा एकरांची योजना एकाच रांगेत उभी राहते. १,००० चौरस मीटरपर्यंत परवानाधारक वास्तुविशारदाच्या जबाबदारीवर आधारित मधली पायरी करावी, ही मागणी शासनाला मान्य होण्यासारखी आहे, कारण पद्धत आधीच अस्तित्वात आहे; फक्त तिची मर्यादा वाढवायची आहे.

प्रीमियमचे तसे नाही. जकात गेली, नंतर २०१५ मध्ये स्थानिक संस्था कर बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. तेव्हापासून बांधकाम परवानगीतून येणारी रक्कम हे महापालिकांचे स्वतःचे मोठे उत्पन्न झाले आहे. अंदाजपत्रकाची बाजू जुळवणारा आयुक्त ही रक्कम परवानगीच्या वेळीच घेऊ पाहणार. तरीही जोत्यापर्यंत एक भाग आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी उरलेला भाग, तोही लहान प्रकल्पांना बिनव्याजी, अशी मागणी करावी. यात पालिकेची रक्कम बुडत नाही, कारण भोगवटा प्रमाणपत्र तिच्याच हातात असते. आणि उशिरा भरायची रक्कम शिल्लक असल्याने विकासकालाही ते प्रमाणपत्र टाळून पुढे जाता येणार नाही, अशी अट त्यात घालता येईल.

आपल्या भूखंडाबाबत एक गोष्ट तातडीची आहे. करारापूर्वी भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून घ्यावी. जुन्या वसाहतींमध्ये मंजूर अभिन्यास (वसाहतीचा भूखंड आराखडा), मिळकत पत्रिका आणि जागेवरील ताबा या तिन्हींतील क्षेत्र अनेकदा जुळत नाही आणि परवानगी देताना त्यांतील सर्वांत कमी क्षेत्र धरले जाते. आपला संपूर्ण हिशेब ६०० चौरस मीटरवर उभा आहे. ते ५७० निघाले तर अनुषंगिक धरून सुमारे ५३ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या सदनिकेहून अधिक बांधकाम कमी होईल, आणि जागामालकाच्या चार सदनिका तर करारात ठरलेल्याच असतील.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचा आभारी आहे. मोजणीचा अर्ज मी या आठवड्यात करतो आणि विकसन करारात जागामालकाचा वाटा सदनिकांच्या संख्येऐवजी मंजूर क्षेत्राच्या टक्केवारीत लिहिण्याचा प्रस्ताव ठेवतो. आमच्या शहरातील लहान व्यावसायिकांच्या बैठकीत परवानगीची मधली पायरी आणि टप्प्याटप्प्याने प्रीमियम या दोनच मागण्या मांडाव्यात, असे मला आता वाटते. सदनिकाधारकांना एवढे सांगतो की, आठ सदनिकांच्या आत बसवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. तो मी घेणार नाही, बारा सदनिकांची नोंदणी करूनच काम सुरू करीन.

लेखापालांना एक विचारायचे राहिले: मुकादमाला वस्तू व सेवा कराची ऐच्छिक नोंदणी करून दिली आणि तिचा खर्च मी उचलला, तर ८० टक्क्यांच्या अटीत त्याची मजुरी धरली जाईल ना?

उत्तर २ (सनदी लेखापाल)

होय, नोंदणीच्या तारखेनंतर त्याने दिलेली बिले धरली जातील. मात्र तो स्वतः १८ टक्के कर लावील आणि त्याची वजावट आपल्याला मिळणार नाही, त्यामुळे मजुरीपुरता फायदा शून्य आहे. त्याऐवजी विटा आणि खडी नोंदणीकृत विक्रेत्याकडून घ्याव्यात. तेथे कराचा दर १८ टक्क्यांपेक्षा कमी आहे आणि फरक आपल्याकडे राहतो.