लिफ्टपाशी कुणाचं पुस्तक राहिलंय?

(रविवार सकाळ. सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

सेक्रेटरी, ए-४०१: सर्व सभासदांना कळविण्यात येते की मंगळवारी वरची टाकी धुणार आहे. सकाळी ७ ते ११ पाणी बंद. सोमवारी रात्रीच भरून ठेवा. नंतर फोन करू नयेत.

बी-३०३ वहिनी: लिफ्टपाशी बाकावर कुणाचं पुस्तक राहिलंय? बनगरवाडी. भिजून वाळल्यासारखं फुगलंय. आमच्या बाईसाहेब वर घेऊन आल्यात आणि वाचत बसल्यात. आठवीत आहे, अभ्यास सोडून सगळं वाचते.

मेडिकलवाले दादा: फुगलेलं म्हणजे मास्तरांचं.

मास्तर, ए-१०३: माझंच. उन्हाला बसलो होतो, दूधवाला आला म्हणून उठलो ते विसरलोच. राहू दे तिच्याकडं. शेवटची पानं जपून उलट म्हणावं, चिकटलेली आहेत.

सी-३०२ ताई: आजोबा, पुरातलं का हे?

मास्तर: हो, २०१९ चं. तेव्हा गावभागात राहायचो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं. खालच्या कपाटातली साठ-सत्तर पुस्तकं गेली, नुसता चिखल. फावड्यानं भरून ट्रॉलीत टाकली. हे एक खाटेवर उशीखाली होतं. खाट तरंगली, म्हणून हे अर्धंच भिजलं. पानापानांत रद्दी घालून आठ दिवस पंख्याखाली ठेवलं. अजून प्रत्येक पानावर मधोमध चिखलाची रेघ आहे, रेघेखाली पिवळं, वर पांढरं. मिटत नाही नीट, दोरा बांधून ठेवतो.

मेडिकलवाले दादा: अख्खं पुस्तक पावसाची वाट बघतंय आणि बुडालं पुरात. कृष्णामाईची कमाल आहे.

सेक्रेटरी: हा ग्रुप सूचनांसाठी आहे. पुस्तक मिळालं, मालक सापडले, विषय संपला.

बँकेतल्या मॅडम, बी-२०१: संपला कुठं, आत्ता तर सुरू झाला. आमच्या भिशीत या महिन्याला ययाती घेतलंय. कॉलेजात वाचलं तेव्हा रडले होते. आता चिडचिड होते. कच बोलायला लागला की मी सरळ पानं उलटते.

सी-३०२ ताई: मला देवयानीचं वाईट वाटतं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघांनाही आपापली बाजू मांडायला दिलीय खरी, पण लेखकाचं मन शर्मिष्ठेकडं आहे हे लपत नाही. देवयानी स्वतःच्या तोंडानं बोलते तेव्हाही वाचणाऱ्याला तिचा राग येईल असंच बोलते.

मास्तर: खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले. जरा बेतानं.

सी-३०२ ताई: सांगलीचे म्हणून गप्प बसायचं का आजोबा?

मास्तर: बसू नका. पण पुस्तक १९५९ चं आहे हे धरून वाचा. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षं झालेली, त्यागाची भाषा करणारी माणसं खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी घ्यायला लागलेली. अशा वेळी पोराचं तारुण्य मागून घेणारा बाप त्यांना पुराणात सापडला. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ चं, याच पुस्तकाला.

बँकेतल्या मॅडम: ज्ञानपीठ मिळालं म्हणून कच कमी बोलत नाही ओ.

मेडिकलवाले दादा: १९५९ लाच फकिरा आली. मी सध्या तीच वाचतोय, दुकानात गिऱ्हाईक नसलं की. गंमत म्हणजे तिला प्रस्तावना खांडेकरांची. अण्णा भाऊ आपल्या वाटेगावचे, शाळेत दीड दिवस गेलेले, आणि पुस्तक अर्पण केलंय बाबासाहेबांच्या लेखणीला. आपल्या गावात जत्रा भरावी म्हणून राणोजी जोगणी घेऊन निघतो तिथं मी इतका गुंगलो की तापाच्या गोळ्या मागितल्या तर पित्ताच्या काढून ठेवल्या. गिऱ्हाईकानं बघितलं म्हणून बरं.

बी-१०२ काका: मागच्या आठवड्यात मी तुमच्याकडनंच गोळ्या नेल्यात. बघून घेतो.

मेडिकलवाले दादा: तुमचं बरोबर आहे काका, तवा वाचत नव्हतो.

बँकेतल्या मॅडम: फकिरा पळते छान, पण माणसं एक तर एकदम शूर नाहीतर एकदम नीच.

मेडिकलवाले दादा: दुष्काळात उपाशी मरू नका, जगा म्हणणारा विष्णुपंत कुलकर्णी कुठल्या खान्यात घालणार मग? आणि मॅडम, ज्यांच्यावर कुणी कादंबरी लिहीत नव्हतं त्यांच्यात पहिल्यांदा नायक उभा करायचा म्हटल्यावर तो थोडा मोठाच होणार. ययाती राजा होता, त्याला कमीपणा परवडतो.

मास्तर: हे शेवटचं वाक्य मी लिहून घेतो.

सेक्रेटरी: माझं स्पष्ट मत आहे. मृत्युंजय वाचलं की दुसरं काही वाचायची गरज राहत नाही. मी तीनदा वाचलंय.

ए-२०२ (पुण्याला असतो तो): काका, म्हणून तर मीटिंगमध्ये सगळ्यांची बाजू ऐकून घेता आणि शेवटी कर्णासारखं एकटेच पडता.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय इथं काढू नये.

ए-२०२: मी हल्ली कादंबऱ्या ऐकतो. शुक्रवारी पुण्यातून निघालो की खंबाटकी येईपर्यंत तीन प्रकरणं होतात. फक्त टोलनाक्यावर खिडकी खाली केली की एखादं वाक्य जातं.

बी-१०२ काका: ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. डोळ्यांखालनं अक्षर गेलं पाहिजे.

बी-००२ आजी: (आवाजी निरोप, नातवानं लिहून दिलाय) माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. अक्षर नाचतं. नातू लावून देतो, मी शेंगा सोलत ऐकते. स्वामी ऐकली. रमाबाई सती जाते तिथं शेंगा तशाच राहिल्या. आमच्या लहानपणी चावडीत पांडवप्रताप वाचायला एक माणूस असायचा, बाकी गाव ऐकायचं. मग ते गाव काय अडाणी होतं होय?

बी-१०२ काका: आजी, मी माझे शब्द मागे घेतो.

ए-२०२: पण एक खरंय. ऐकताना मागं जाता येत नाही. म्हणजे येतं, पण जात नाही कुणी.

बी-३०३ वहिनी: बनगरवाडीचं काय ठरलं? मीपण चार पानं चाळली. किती साधीभोळी माणसं होती हो. आता अशी गावंच राहिली नाहीत.

मास्तर: वहिनी, रागावू नका, पण या साध्याभोळ्याचा मला कंटाळा आलाय. मी आटपाडीकडचा. बनगरवाडी लिहिणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ आमच्यापासून लांब नाही. बनगरवाडीत भोळं कुणी नाही. या पोरसवदा मास्तरला गाव आधी जोखून घेतं. शिकायला पोरं नंतर येतात, मोठी माणसं आधी येतात, आपली कामं, तंटे आणि गाऱ्हाणी घेऊन. फुकटचा विश्वास तिथं कुणी टाकत नाही. मग हा मास्तर सगळ्यांचे हात लावून तालीम उभी करतो. औंधचे राजेसाहेब, ते सूर्यनमस्कारवाले पंतप्रतिनिधी, वाडीवर येतात. आणि त्यानंतर पाऊस येत नाही. मेंढरं मरतात, माणसं उठून जातात. तालीम तिथंच. १९५५ चं पुस्तक आहे, मी दर दोन-चार वर्षांनी वाचतो, ते या तालमीसाठी. निसर्गवर्णन वगैरे मुंबईच्या लोकांना सोडलं.

मास्तर: अजून थोडं लिहितो, सेक्रेटरींनी माफ करावं. ८३ साली मी जत तालुक्यात एका वाडीवर होतो. एकशिक्षकी शाळा, पट २८. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि वर्गात ११ पोरं. मी गेलेल्यांची नावं कमी करत नव्हतो. हजेरी घेताना सगळी पुकारायचो. उरलेली पोरं एका सुरात म्हणायची, तोडीला गेलाय. पुढचं नाव. तोडीला गेलाय. एक पोरगं असं चार वर्षं पहिलीतच होतं, उंचीनं मला लागायला आलेलं. त्याच्या पाटीवर मी नाव घालून ठेवलेलं, ती दर वर्षी उन्हाळ्यात परत घ्यायला यायचा. पाचव्या वर्षी आला नाही. मग बनगरवाडी वाचताना मी निसर्ग कुठला बघू?

मास्तर: आणि उठून जाणं आमच्याकडं संपलेलंच नाही. आधी मेंढरामागं गेले, नंतरचे सोनं गाळायला. विटा, खानापूर, आटपाडी, घरटी एक माणूस गलाईला. माझा धाकटा भाऊ कोइमतुरात आहे, त्याची पोरं आपसात तमिळ बोलतात. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबं लागली, टोलेजंग बंगले झाले. बंगल्यात म्हातारी दोन माणसं आणि एक कुत्रं.

बँकेतल्या मॅडम: मास्तर, हे आमच्या भिशीत येऊन सांगा.

मेडिकलवाले दादा: मी पालेकरांचा सिनेमा पाहिलाय, पुस्तक नाही वाचलं. तिच्यानंतर माझा नंबर.

बी-३०३ वहिनी: मी पुन्हा नीट पहिल्यापासून वाचते. साधीभोळी मागं घेतलं.

सी-३०२ ताई: उठून जाण्यावरनं सांगते. मी आत्ता कृष्णात खोतांची रिंगाण वाचतेय. २०२३ चा साहित्य अकादमी त्याच पुस्तकाला आहे. धरणानं उठवलेलं गाव, आणि मागं राहिलेली म्हैस. भाषा पन्हाळ्याकडची, पहिली वीस पानं मला अडखळायला झालं. मग मोठ्यानं वाचायला लागले आणि सुटली. विश्वास पाटलांची झाडाझडती पण धरणग्रस्तांचीच, पण तिथं कचेऱ्या, मोर्चे, सगळा कारभार समोर येतो. इथं एक माणूस, एक जनावर आणि रान, बास. मला ही जास्त लागली. सकाळी गेटपाशी बसून वाचत होते तर वॉचमनकाकांनी विचारलं काय आहे. मी गोष्ट सांगितली. त्यावर ते जे बोलले ते त्यांना विचारून रेकॉर्ड केलंय. ज्यांना ऐकायला जमणार नाही त्यांच्यासाठी खाली लिहिते, जसंच्या तसं.

सी-३०२ ताई: "आमी चांदोलीकडलं. धरणात गाव गेलं, हिकडं वाळव्यात जमिनी दिल्या. तुमच्या पुस्तकात म्हस हाय म्हनं, आमची गाय व्हती. नव्या गावात चार दिस ऱ्हायली आन पाचव्या दिशी दावं तोडून गेली. बा म्हनला, कुटं जातीया मला ठावं हाय. दोन दिस चालत गेला. घर पाडल्यालं, वासं काढून आनल्यालं, नुसतं जोतं ऱ्हायल्यालं. गोठ्याच्या जागंवर बसून रवंथ करीत व्हती. दावणीचा दगड बी न्हवता, तरी तिथंच. बा तिच्याजवळ रातभर बसला. सकाळी दोघं बी माघारी आली. पानी यायला अजून महिना व्हता."

बी-००२ आजी: (आवाजी निरोप) गायीचं नाव काय होतं विचार.

सी-३०२ ताई: तांबू म्हणतात.

सेक्रेटरी: काका सहा वर्षं गेटवर आहेत. हे कधी बोलले नाहीत.

सी-३०२ ताई: तुमचा मेसेज वाचून दाखवला. म्हणतात, साहेब कुनाची गाडी कुटं लावली एवढंच इचारत्यात.

ए-२०२: 😄

सेक्रेटरी: संध्याकाळी खाली येतो.

बी-१०२ काका: टाकी मंगळवारी का बुधवारी?

सेक्रेटरी: मंगळवारी. वर लिहिलंय. माणसं कादंबऱ्या वाचतात, सूचना वाचत नाहीत.

बी-३०३ वहिनी: आता मुलगी लिहितेय माझ्या फोनवरून.

बी-३०३: आजोबा, मी दुष्काळापर्यंत आले. पुढची पानं चिकटलीत. शेवटी मास्तरचं काय होतं?

मेडिकलवाले दादा: सांगू का? सिनेमात असं आहे की

मास्तर: दादा, गप्प बसा.

बी-१०२ काका: बाळ, पानं चहाच्या वाफेवर धर, सुटतील.

मास्तर: नको नको. वाफेनं शाई पसरते, मी एक प्रकरण तसंच घालवलंय. कोपऱ्यापासून हळू सोडव.

बी-३०३: एक सुटलं. दुसरं थोडं फाटलं. रेघेच्या खाली. सॉरी.

मास्तर: असू दे. आता हात लावू नकोस, घेऊन खाली ये. येताना आईला विचारून लोणी लावायची बोथट सुरी आण. बाकावर बसून बघू.

सेक्रेटरी: बाकावर ऊन साडेदहापर्यंतच असतं. मग बी विंगची सावली येते.